वेटोळे फिरते तेव्हा

विज्ञान हा मुलींचा प्रांत नव्हे, असे आमच्या गावात कोणी म्हणत नाही. म्हणण्याची वेळच येत नाही. दहावीचा निकाल लागतो, शेजारीपाजारी गूळ वाटला जातो आणि मुलगी पुढे शिकणारच असेल तर ती आर्ट्सला जाते. सायन्सचे कॉलेज तालुक्याला. सकाळची एस. टी. चुकली की दिवस बुडाला. वसतिगृहात नंबर लागेल की नाही, सांगता येत नाही. शिकवणीचे पैसे वेगळेच. हा सगळा हिशेब ओट्यावर बसून दहा मिनिटांत होतो. त्यात मुलीची आवड हा आकडा कोठेच मांडलेला नसतो. कारण आपल्याला हे आवडते की नाही, हे तिलाच ठाऊक नसते. ठाऊक व्हावे असे तिच्या हाती कधी काही आलेलेच नसते.

कमला सोहोनी यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन त्या १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तेव्हाचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ मुलगी म्हणून, त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी आग्रह सोडला नाही. अखेर अटी घालून त्यांना घेतले गेले आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी उत्तर दिले. पुढे त्यांनी ताडामाडाच्या नीरेवर संशोधन केले. अशा विदुषीपुढे मान लवते. परंतु मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. कमलाबाईंना निदान नकार तरी मिळाला! त्या दारापर्यंत पोचल्या होत्या. आमच्या मुलींना दारच दिसत नाही, मग ठोठावणार काय?

हे मला उमगले ते गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत. आमच्या गावच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींसाठी दोन दिवसांचे शिबिर झाले. पुण्याहून दोन ताई आल्या होत्या. त्यांची पुस्तकी मराठी मुलींना आणि मुलींची बोली त्यांना समजेना, म्हणून दुभाषी म्हणून मला बोलावले. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपलेला.

ताईंचा नियम एकच होता: प्रत्येकीने स्वतः करायचे. यात काय विशेष, असे वाटेल. पण वर्गातला प्रयोग आठवून पाहा. मुलांच्या हातात तार आणि पक्कड, मुलींच्या हातात वही. निरीक्षणे सुवाच्य अक्षरात आम्हीच लिहायची आणि नंतर टेबल पुसायचेही आम्हीच!

पहिल्या दिवशी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या केल्या. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. असे का, हे ताई सांगू लागल्या. मी भाषांतराला शब्द शोधत होते, तोच मागून एक मुलगी म्हणाली, "घराची कैची!" छपराखालची लाकडी कैची तिने बापाला ठोकताना पाहिली होती. माझे भाषांतर तिथेच संपले.

दुसऱ्या दिवशी मोटार. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी आणि लेप दिलेली तांब्याची तार. तारेचे वेटोळे करून त्याची टोके पिनांच्या भोकांत ठेवायची. खुबी टोके खरवडण्यात आहे. दोन्ही टोकांचा लेप पुरता काढला तर वेटोळे थोडे वळते, डुलते आणि थांबते. एका टोकाचा पुरता आणि दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूने काढला, तर अर्ध्या फेरीत करंट तुटतो. तेवढी फेरी वेटोळे आपल्याच भरात पार करते, पुन्हा करंट मिळतो आणि ते फिरतच राहते. काहींची फिरेनात. त्यांनी पुन्हा खरवडले, पुन्हा ठेवले. जेवणाची सुटी झाली तरी कोणी उठेना.

माझी धाकटी बहीणही त्यांत होती, नववीतली. तिचे वेटोळे फिरू लागले तेव्हा ती हसली नाही. टक लावून पाहत राहिली. मग मला हळूच विचारले, "ताई, करंटने हे फिरते, मग आपण हाताने फिरवले तर करंट येईल का?"

मी प्रश्न पुढे सांगितला. पुण्याच्या ताई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, नेमके हेच १८३१ साली मायकेल फॅरडेने करून दाखवले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा. म्हणजे आमच्याच जातकुळीतला, पहिल्या पिढीचा!

आणि यासाठी इंग्लंडला तरी कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे, २००३ साली उदई नदीच्या पाण्यावर १५ किलोवॉटचा छोटा वीजप्रकल्प उभा राहिला. केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांचे मार्गदर्शन आणि गावकऱ्यांचे श्रमदान. पडत्या पाण्याने चक्र फिरले आणि पाड्यांवर दिवे लागले. २००६ साली तो पाण्याखाली गेला, हे दुर्दैव. पण बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर सातपुड्यातच एकदा लखलखून गेले आहे.

दोन दिवसांच्या शिबिराने एस. टी. वेळेवर येत नाही, वसतिगृहाच्या खाटा वाढत नाहीत, हे मी जाणते. माय मिरचीच्या पथारीवर मजुरीला जाते. मिरची मुठीत दाबून किती वाळली हे अचूक सांगते, पण या हिशेबापुढे तीही गप्प असते. यंदा बहीण दहावीला आहे. ओट्यावरची ती दहा मिनिटे येत्या जूनमध्ये आमच्या घरी येणार आहेत. फरक इतकाच, की या खेपेस एक आकडा जास्त आहे. तिला काय हवे ते तिला ठाऊक आहे आणि ते बापाला सांगायला मी शेजारी बसणार आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस असते. रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, पथनाट्य करतो. ते चांगलेच आहे. त्यांतल्या दोन दुपारी गावातल्या मुलींना द्याव्यात. तार, पिना, सेल आणि चुंबक यांना फार पैसे लागत नाहीत. विज्ञान शाखेचे मित्र कृती शिकवतील आणि बोलीत समजावून सांगायला आपण कला शाखेचे आहोतच. प्राध्यापकवर्गाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती. अट मात्र एकच: प्रत्येकीचे वेटोळे तिचे स्वतःचे असले पाहिजे.

— द्वितीय वर्ष, कला