अपात्र ठरलेल्यांचा कथाकार

वऱ्हाडात शेतकऱ्यानं जीव दिला की त्याच्या मागे एक फाइल तयार होते. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्ज थकल्याचा बँकेचा दाखला, तहसीलदाराचा अहवाल असे कागद एकाखाली एक लागत ती जिल्हा समितीपुढे जाते आणि प्रकरणावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. पात्र ठरलं तर २००६च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. जमीन बटाईची असेल किंवा कर्ज बँकेऐवजी सोयऱ्याकडून उचललेलं असेल, तर गाडी अडते. कॅथलिक चर्चकडेही एकेकाळी पात्र-अपात्राची अशीच एक वही होती. १९१७च्या धर्मसंहितेनं जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारला होता. १९८३च्या नव्या संहितेत ते कलम उरलं नाही, आणि १९९२च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथानं तर पुढे जाऊन म्हटलं, की मनाचा तोल ढळणं, भीती, असह्य यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि चर्च अशांसाठी प्रार्थना करतं. १९५५ साली नागपूरपासून वेगळा झालेला अमरावतीचा धर्मप्रांत या पट्ट्यावर पसरलेला आहे. इथे कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या कॅथलिक माणसाचा खरा विषय मला या दोन वह्यांच्या मधोमध पडलेला दिसतो. तो कुणाच्याही आश्रयाला न जाता लिहावा लागेल, असं माझं म्हणणं आहे. समितीला शेरा मारावा लागतो, धर्मगुरूला विधी करावा लागतो, कादंबरीकाराला मात्र प्रकरण उघडं ठेवता येतं. प्रकरण उघडं ठेवण्यासाठी कुठलीच संस्था पैसे देत नाही.

श्रद्धावंताला असं उघडं लिहिता येईल का, ही शंका वऱ्हाडात तरी फार टिकू नये. मराठी गद्याचा आद्यग्रंथ मानलेलं ‘लीळाचरित्र’ ऋद्धिपूरचं, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातलं, आणि ते लिहिणाऱ्या म्हाइंभटांची महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींवरची श्रद्धा तर बावनकशी. तरीही पुस्तकात थोरवीचे डोंगर नाहीत. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोण रुसलं, कोण चुकलं, अशा बारीकसारीक गोष्टी आहेत. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या, आणि एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तेव्हा वेगवेगळे पाठही या परंपरेनं जपले. त्या काळातल्या भक्तांना जुळवून घेण्याचा मोह टाळता आला. आजच्या लेखकाला त्याहून सोपी सबब मिळू नये.

मग ख्रिस्ती लेखकाच्या गोष्टीकडे वाचक थोडा बिचकून का पाहतो? त्याचं कारण आपल्याच वाङ्मयात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. १८५७ची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाते. ती लिहिणारे बाबा पदमनजी प्रॉटेस्टंट, पण धडा इथेही लागू पडतो. यमुना प्रवासात ज्या विधवांना भेटते त्यांची दैना आजही वाचकाला हलवते. पुढे यमुना ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो तो भाग मात्र आधीच ठरवून ठेवलेला वाटतो. लेखकाची तळमळ दोन्हीकडे सारखीच आहे, पण पहिल्या भागात तो पाहतो आणि दुसऱ्यात निकाल देतो. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा, धर्मगुरू व्यासपीठावर कसा, असा विरोध झालाच. त्या विरोधाची बाजू मी घेत नाही. वसईच्या हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेल्या आणि बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या माणसावर तो अन्यायच होता. पण संशय वाचकाच्या मनात असतो हे धरून चालावं. भाषणानं तो जात नाही. गोष्ट शेवटाशी आली आणि कुणालाच कुठे ओढून नेलं नाही, एवढं दिसलं तर कदाचित जातो.

यावर कट्टर आक्षेपक म्हणेल, ज्याच्याकडे पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांची उत्तरं तयार आहेत त्यानं प्रश्न कशाला मांडावेत? उत्तरं आहेत, हे खरं. पण ती माणसामाणसाला लागू करताना कॅथलिक लेखकच सगळ्यांत जास्त अडखळले आहेत. फ्रेंच कादंबरीकार बर्नानोसनं १९३७ साली मूशेत नावाची एक गांजलेली पोर रंगवली. ती स्वतःला संपवते आणि लेखक तिच्यावर एका शब्दाचाही निवाडा करत नाही. ग्रॅहम ग्रीनच्या १९४८च्या कादंबरीत स्कोबी हा कॅथलिक पोलिस अधिकारी, आपण करतोय ते महापाप आहे हे पुरतं जाणून, मरण पत्करतो. त्याच्या बायकोनं त्याला दोषी धरल्यावर धर्मगुरूच तिला अडवतो, कारण एका माणसाच्या काळजात काय चाललं होतं ते चर्चलाही ठाऊक नाही. ही दोन्ही पुस्तकं चर्चची जुनी वही चालू असतानाची आहेत. नवी संहिता आली तेव्हा त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. आणि पापाला वजनच नसतं तर स्कोबीचं मरण नुसती एक बातमी झालं असतं.

चर्चच्या परवानगीचा मुद्दा उगाच मोठा केला जातो. धर्मशिक्षणाची पुस्तकं, प्रार्थनासंग्रह, बायबलची भाषांतरं यांना बिशपांची संमती लागते, कादंबरीला लागत नाही. खरी अडचण पैशाची आणि वाचकाची. वसईला कॅथलिकांची दाट वस्ती आहे, ‘सुवार्ता’सारखं मासिक आहे, वऱ्हाडातली कुटुंबं विखुरलेली. म्हणजे पदरमोड करून तीनशे प्रती काढायच्या, अमरावतीत अक्षरजुळणी करून घ्यायची, मग अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूरच्या ग्रंथालयांचे उंबरे झिजवायचे. लिहिण्याचं स्वातंत्र्य एरवीही स्वस्त नाही. उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचा संसार वऱ्हाडी बोलीत असा उभा केला की बोलीचा अडसर कुणाला वाटला नाही, पण लेखणीवर पोट भरायचं म्हणून त्याच हातानं ढीगभर लोकप्रिय कादंबऱ्याही लिहाव्या लागल्या. नोकरी सांभाळून सावकाश लिहिणं मला त्यापेक्षा बरं वाटतं, भलेही दहा वर्षांत एकच पुस्तक होवो. विखुरलेपणात एक फायदाही आहे, जो वसईकराला सहज मिळत नाही. इथे वाचणारा बहुतेक वेळा ख्रिस्ती नसतोच. मिस्सा म्हणजे काय हे त्याला समजावत बसलं तर गोष्ट मरते आणि गृहीत धरलं तर तो बाहेर राहतो. म्हणून लेखकाला प्रत्येक विधी माणसाच्या हालचालीतून दाखवावा लागतो. गुडघे टेकताना म्हातारीनं बाकाचा कोपरा घट्ट धरला, एवढ्यावर भागवावं लागतं.

तर मग ‘कॅथलिक’ ही पाटी तरी हवी कशाला? पुस्तकावर नकोच ती. पण जी फाइल ‘अपात्र’ म्हणून बंद झाली, तिच्यातल्या माणसाचा हिशेब अजून कुठेतरी चालू आहे, असं मानणारा माणूस तिच्याकडे वेगळ्या चिवटपणानं पाहील. त्याच्यासमोर एक प्रसंग लिहायचा पडलेला आहे. गावात मोजकी तीन-चार ख्रिस्ती घरं. मेलेल्याच्या अंत्यविधीला जमलेली निम्मी माणसं कुणबी, माळी, बौद्ध. समितीचा शेरा अजून आलेला नाही, सावकाराचा माणूस मागे उभा आहे, विधवेच्या हातात थोरल्या पोराचा हात. परगावाहून आलेल्या फादरला प्रमाण मराठी येते, वऱ्हाडी नाही, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहताहेत. ते काय बोलतील हे लेखकाला आधी माहीत असेल, तर त्यानं तो प्रसंग लिहायला अजून थोडं थांबावं.