सिद्धगडच्या रानातला सेनानी

मांडीत गोळी लागून खाली पडलेल्या माणसाला अटक करायची असते. त्याच्यावर खटला भरायचा, साक्षीपुरावे मांडायचे, मग काय ती शिक्षा द्यायची. २ जानेवारी १९४३च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात तसं झालं नाही. पोलीस तुकडीचा इंग्रज अधिकारी हॉल याने जखमी विठ्ठल लक्ष्मण कोतवालांना तिथेच गोळी घातली. त्यांचे सहकारी हिराजी पाटील त्याआधीच पडले होते. भाई कोतवाल कायदा शिकलेले होते, वकील होते. वय अवघं तीस वर्षं आणि एक महिना. ज्या कायद्याचं नाव घेऊन ती तुकडी आली, त्याच कायद्यापुढे उभं राहून बोलण्याची संधी एका वकिलाला मिळू नये, हे आजही पचत नाही.

माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्म, पुढे वकिलीचं शिक्षण, माथेरान नगरपालिकेचं उपाध्यक्षपद, मग बेचाळीसचा ऑगस्ट, पकड वॉरंट आणि भूमिगत जीवन. ही हकिकत या भागातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

त्याच वर्षांत ठाणे जिल्ह्यात दोन छावण्या होत्या, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. एक कल्याणजवळची, महायुद्धासाठी सरकारने वसवलेली. बराकी, रस्ते, नळ, हजारो सैनिक. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहायला आले, तिचं उल्हासनगर झालं आणि लोक अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात. दुसरी छावणी भाईंच्या भूमिगत तुकडीची, म्हणजे आझाद दस्त्याची. तिला पत्ताच नव्हता. ठाणे, पुणे आणि तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांच्या हद्दी जिथे जवळ येतात, त्या सह्याद्रीच्या उतारांवर ती आज इथे, उद्या तिथे अशी फिरत होती.

या दुसऱ्या छावणीचा प्रमुख गणवेश घालत नव्हता. त्याला कुणी हुद्दा दिलेला नव्हता, तरी त्याचा शब्द चालत होता. घाटातल्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईकडे जाणाऱ्या तारांचे मनोरे पाडायचे, म्हणजे युद्धासाठी राबणारे कारखाने आणि रेल्वे अडखळेल, असा दस्त्याचा बेत होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत अकरा मनोरे पाडले गेले. जो मनोरा पाडायचा, त्याच्या तारांतून आसपासच्या डोंगरातल्या पाड्यांना एका दिव्यापुरतीही वीज मिळत नव्हती.

अशा छावणीचा दिवस कसा जात असेल, हे तिथे गेल्यावरच उमगतं. नारिवली, बोरवाडीच्या बाजूने चढायला लागलं की झाडी दाट होते. पाणी ओढ्याचं, त्यामुळे मुक्काम ओढ्याला धरूनच करावा लागणार. आणि शोध घेणाऱ्यालाही ते कळणार. दिवसा धूर दिसला तर खालच्या गावातून बोट दाखवता येतं, म्हणून चूल पेटवायची तीही जपूनच. रात्री मार्गशीर्षातली थंडी. खायला पाड्यांवरून येईल ते, म्हणजे नाचणीची भाकरी किंवा भात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या घरात जानेवारीत दाणा असतो, पण तो पुढल्या पावसापर्यंत पुरवायचा असतो. त्यातली भाकरी रानात पाठवणं म्हणजे ज्येष्ठातली एक भाकरी कमी करणं. हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण भाईंनी भूमिगत होण्याआधी नेमकं हा दाणा पुरवण्याचंच काम केलं होतं. सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठार काढलं होतं. ज्यांनी त्या कोठारातून दाणा नेला होता, त्यांच्याच भागात ते आता लपले होते.

ठावठिकाणा शेवटी फुटला तो फितुरीने. या फितुरीचा संताप वर्षानुवर्षं मनात होता. फितुराचं नाव सिद्धगडावर दगडात कोरून ठेवावं, असंही वाटायचं. आता तसं वाटत नाही. एकाने तोंड उघडलं त्याची चर्चा आपण ऐंशी वर्षं करतो आहोत, आणि सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत तोंड मिटून बसलेल्या माणसांबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. भाईंना पकडून देणाऱ्यासाठी सरकारने बक्षीस लावलं होतं. पोलीस गावोगाव धाक घालत फिरत होते. तरीही भाकरी येत राहिली, निरोप पोचत राहिले. म्हणून फितुराला माफ करावं असं नाही. ते जमतही नाही.

तेव्हा तारांतून वीज नेणाऱ्या मुंबईचं आणि या डोंगरांचं नातं अजून तसंच आहे. शहापूर तालुक्यात तानसा, वैतरणा, भातसा अडवून मुंबईची तहान भागते. १८९२मध्ये तानसा तलाव पुरा झाला, तेव्हा भाईंचा जन्मही झालेला नव्हता. त्याच शहापुरात एप्रिल उजाडला की धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत उभ्या राहतात. भाई असते तर त्यांनी या बायकांचा खटला चालवला असता, आणि फी घेतली नसती, एवढं मी खात्रीने म्हणतो.

दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या अंधारात मुरबाड, कर्जत, नेरळ, माथेरान, शहापूर इथून माणसं सिद्धगडच्या स्मारकापाशी जमतात. घोषणा होतात, भाषणं होतात. दोन्ही हुतात्म्यांची नावं घेतली जातात, ती घ्यायलाच हवीत. पण तिथून परतताना तालुक्याच्या ठिकाणी जाणारी जीप लगेच पकडू नये. खालच्या वाड्यांवर थांबावं. बेचाळीस साली जे आठ-दहा वर्षांचे होते, त्यांतले कुणी हयात असतील तर ते आता नव्वदी ओलांडून गेलेत. नसतील तर त्यांच्या सुनांना, लेकींना विचारावं: तुमच्या घरातून रानात भाकरी कोण नेत असे, कोणत्या वाटेने, आणि पोलीस दारात आले तेव्हा घरातल्या बाईने काय सांगितलं. तालुक्यातल्या महाविद्यालयांनी मराठीच्या आणि इतिहासाच्या मुलांना हे काम याच हिवाळ्यात नेमून द्यावं.