शेवटच्या पोलचं व्होल्टेज

अचलपूर आलं की आमची शकुंतला बंद पडायची. खरी नव्हे हो, अकोल्याच्या घरी मागच्या खोलीत मांडलेली! खरी मूर्तिजापूर-अचलपूर लाईन 76 किलोमीटरची, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. 1:87 च्या मॉडेलमध्ये ते जेमतेम 9 मिलिमीटर होतं. खऱ्या गाडीचं वाफेचं इंजिन 1994 साली गेलं, नंतर गाडीही गेली. बाबा वीज मंडळात लाईनमन होते, बरीच वर्षं अंजनगावात, याच लाईनवर. गुडघे गेल्यापासून ते घरातच असतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

गाडी डिजिटल आहे. म्हणजे रुळांतून वीज आणि हुकूम दोन्ही एकत्रच जातात आणि इंजिनातला डिकोडर आपल्या नंबरचा हुकूम तेवढा उचलतो. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तीन वीकेंड डिकोडरची सेटिंग्ज उलटीपालटी केली. मीटरही लावला होता, दोन्ही टोकांना 12 व्होल्ट. साधा मीटर हा सिग्नल अचूक मोजत नाही, पण तुलनेला चालतो. म्हणजे सप्लाय ठीक, दोष कोडमध्ये. झालं!

"मोजताना गाडी चालू होती का?" बाबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"नाही."

"मंग काय मोजलं लेका? रिकाम्या लाईनीवर सारंच बराबर दिसते. मोटार चालू कर अन् मंग शेवटच्या पोलवर पाह्य."

गाडी चालवत मोजलं. मूर्तिजापूरला 12, अचलपूरला साडेनऊ.

मग त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि अचलपूरच्या रुळांवर आडवं ठेवलं. शॉर्ट झाला की बूस्टरने लगेच ट्रिप व्हायला हवं. झालाच नाही! वाटेतला रेझिस्टन्स इतका, की 3 अँपिअरच्या बूस्टरला शॉर्ट कळलाच नाही. मी झटकन नाणं उचललं. गाडी घसरून तसा शॉर्ट झाला असता आणि मी खाली चहा पीत बसलो असतो, तर एखादा सांधा तापून खालचं प्लास्टिक वितळलं असतं. बाबा दुपारी त्याच खोलीत झोपतात.

कारण अगदी साधं. मी वायरची एकच जोडी मूर्तिजापूरला जोडली होती. पुढची सगळी वीज रुळांतून आणि फिशप्लेटांतून. रुळांचा निकेल सिल्व्हर तांब्यापेक्षा कितीतरी वाईट वाहक, वर मी हौसेने सांध्यांना गंजाचा रंग फासलेला. रविवारी टेबलाखालून जाड तांब्याची वायर नेली, दर मीटरला रुळांना जोड दिला. डाग देताना बाबांनी टॉर्च धरला. तीन वेळा शिव्या खाल्ल्या.

संध्याकाळी नाणं ठेवताच बूस्टर ट्रिप. मग गाडी सोडली. ती न अडखळता अचलपूरला पोचली, शिटीसकट.

"एवढ्या लवकर कधी येत होती ते?" बाबा म्हणाले. "स्पीड कमी कर."