यंत्रांची सोयरीक

विवाह जुळवितांना शिक्षण, कुळ, पत्रिका सारें पाहून झालें तरी वडील मंडळी शेवटीं विचारतातच, "दोघांचें एकमेकांशीं जमेल ना?" गाण्याच्या यंत्रांविषयींहि हाच प्रश्न विचारावा लागतो, हें आम्हांस गेल्या वैशाखांत लासलगांवच्या उन्हानें शिकविलें.

आमचे तीर्थरूप अण्णा ऐंशीच्या पुढें गेले आहेत. दृष्टि चांगली आहे, पण ऐकूं कमी येतें. दिवेलागणीनंतर भीमसेन जोशी किंवा हिराबाई बडोदेकर यांचें गायन ऐकणें हा त्यांचा नेम. आणि घरचीं चौदा माणसें एकत्र बसतात तीं त्या एका तासापुरतीं. पुण्याच्या पुतण्यानें मोठ्या हौसेनें उंच, वजनदार स्पीकरांची जोडी आणून दिली. तंबोऱ्याचा खर्ज इतका भरदार आमच्या घरांत पूर्वीं कधीं घुमला नव्हता. परंतु जुना ॲम्प्लिफायर अर्ध्या तासांत हात लावूं नये इतका तापे, आणि द्रुत ख्याल रंगांत आला कीं आंतील संरक्षक योजना त्यास मुका करी. अण्णा कांहीं बोलत नसत. मुकाट्यानें उठून आपल्या खोलींत जात. आम्हांस तेंच अधिक लागे.

घरांत दोन पक्ष पडले. तरुणांचें म्हणणें, दुप्पट वॅटचें नवें यंत्र घ्यावें. वहिनींचें म्हणणें, जुने लहान स्पीकर पुन्हां लावावेत. आम्ही म्हणालों, "आधीं दुखणें कळूं द्या, मग औषध."

स्पीकर विजेच्या प्रवाहास जो अडथळा करतो तो ओहममध्यें मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम सोपा आहे: दाब तोच ठेवून अडथळा निम्मा केला, तर प्रवाह दुप्पट होतो. २० व्होल्टांवर ८ ओहमच्या स्पीकरांतून अडीच अँपिअर वाहतात, ४ ओहमच्या स्पीकरांतून पांच. म्हणजे ५० वॅटच्या जागीं १०० वॅट. ॲम्प्लिफायरच्या पोटांतील उष्णताहि साधारणपणें त्याच मानानें वाढते. शिवाय स्पीकरवर छापलेला आंकडा नांवापुरताच. कांहीं स्वरांना अडथळा त्याहूनहि खालीं उतरतो. पत्रिकेंत गुण दिसतात, स्वभाव सहवासांत कळतो!

आमचे नवे स्पीकर ४ ओहमचे होते. जुने ८ ओहमचे. यंत्राच्या पाठीवर 'कमींत कमी ४ ओहम' असें लिहिलेलें असल्यामुळें सोयरीक अशक्य नव्हती, नाजूक मात्र होती. त्यांतच आवाज ३ डेसिबलनें वाढवावयाचा तर शक्ति दुप्पट लागते, १० डेसिबलनें वाढवावयाचा तर दसपट. अण्णांसाठीं आवाज चढवीत गेलों कीं हा हिशेब झपाट्यानें फुगे.

आणि यंत्र बसलेलें होतें भिंतींतल्या लाकडी कपाटांत. लहान स्पीकरांच्या काळीं तें तेथें सुखानें नांदलें. पण आमच्याकडचा शेतकरी उन्हाळ कांदा सांठवितो ती चाळ पाहावी. ती जमिनीपासून उंच असते, तिच्या तळास व बाजूंस फटी असतात; हवा खेळली नाहीं तर कांदा सडतो. बाहेर पारा ४० अंशांकडे सरकला असतां कोंडलेल्या यंत्रानें आपली उष्णता टाकावी तरी कोठें? आम्ही तें उघड्या मेजावर मांडलें आणि वर व बाजूंस वीतभर जागा मोकळी ठेविली.

तिसरा उपाय खुर्चीचा. नातवंडांची अडचण नको म्हणून अण्णा दूर खिडकीशीं बसत. मोकळ्या मैदानांत अंतर निम्मे केल्यास आवाज ६ डेसिबलनें वाढतो. घरांत भिंतींवरून परतणाऱ्या नादामुळें लाभ कांहींसा कमी, तरी पुष्कळ. त्यांची आरामखुर्ची आम्ही स्पीकरांच्या जवळ, मंडळींच्या मधोमध आणली आणि यंत्राची कळ बरीच खालीं उतरविली. आतां द्रुत शेवटपर्यंत होतें, यंत्र कोमट राहतें, आणि धाकटी नात अण्णांच्या पायांशीं बसून ताल मोजते.

मोठ्या दिवाणखान्यांत एवढ्यानें भागणार नाहीं, हें खरें. तेथें ४ ओहमच्या भारावर किती वॅट देतों हें स्पष्ट सांगणारें, भरपूर उष्णता-पंख असलेलें यंत्रच घ्यावें. ८ ओहमवरील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. यंत्राची किमान मर्यादा स्पीकरच्या आंकड्याहून अधिक असेल, तर ती जोडी जमवूंच नये. परंतु दुकान गांठण्यापूर्वीं आंकडे, हवा आणि खुर्ची या तीन गोष्टी वाचकांनीं घरच्या घरीं पाहाव्यात.

पुतण्यानें परवां फोनवरून विचारलें, "दिवाळीला नवें यंत्र आणूं का?" अण्णांनीं निरोप दिला, "तूंच ये. खुर्ची आणखी एक मांडूं."