बाळंतिणीची पिशवी

लेक दुसऱ्या बाळंतपणाला सुरतेहून माहेरी येऊन आता पंधरा दिवस झाले. दिवस वैशाखात भरतात. मुक्ताईनगरचा वैशाख ज्यांनी भोगला आहे त्यांना जास्त सांगायला नको. आमची म्हातारी माणसे गावाला अजून एदलाबादच म्हणतात, आणि इथल्या उन्हाला काय म्हणतात ते छापता येणार नाही. पत्र्याचे घर, दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. अशा दिवसांत बाळंतीण सांभाळायची म्हणून आम्ही दोघी जावा महिनाभर आधीच तयारीला लागलो. लेक थोरलीची, पण ती एकीला आई म्हणते, दुसरीला काकू, आणि वाढली दोघींच्या चुलीवर. म्हणून इथे ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघी.

दाराजवळच्या खुंटीला एक भरलेली पिशवी टांगली आहे. परवा शेजारच्या मावशीने ती उघडून पाहिली आणि म्हणाली, “हे काय वं बाई, यात बाळाचं तर काहीच दिसत नाई!” तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. बाळाचे कपडे तळाशी थोडेच आहेत. बाकी सगळे बाळंतिणीचे आहे. असे का, हे सांगायचे तर पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगावी लागते.

ते बाळंतपण पौषातले. पहिले नातवंड, म्हणून आमची हौस किती! सात झबली, सात टोपडी, दुपटी, जुन्या लुगड्यांची गोधडी, काजळाची डबी, काळ्या मण्यांच्या मनगट्या. लेकीसाठी मात्र एकच साडी घेतली, तीही घरी येताना नेसायला, चारचौघींत चांगली दिसावी म्हणून. दवाखान्यात पोचलो तर नर्सबाईंनी पहिल्यांदा मागितले माता-बाल संरक्षण कार्ड. ते सुरतेला, कपाटात. रक्तगट कोणता? आम्हाला ठाऊक नाही. आधीचे रिपोर्ट? तेही कपाटात. त्या बाईंनी बिचारीने सगळ्या तपासण्या पुन्हा करून घेतल्या. रात्री मुलगी झाली. बाळंतपणानंतर अंगावरून जाते, त्याला कापड लागते, हे आम्हा दोघींना, पाच लेकरांच्या आया असून, आठवले नव्हते. थोरलीने नेसत्या लुगड्याचा पदर फाडून दिला.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आम्हाला वाटले, सुटलो.

आठव्या रात्री लेकीला एकाएकी जास्त जाऊ लागले. गाठी पडू लागल्या. आम्ही कापड बदलत राहिलो. वस्तीतल्या एका जाणत्या बाईला उठवून आणले. ती म्हणाली, “घान हाय ती, पडू द्या. अडवली त पोटात राह्यते.” आम्हीही मान डोलावली, कारण आमच्या आयांनी आम्हाला हेच सांगितले होते. लेक म्हणाली, “काकू, माह्या डोळ्यांपुढं अंधारी येते.” आम्ही तिला गुळाचा चहा करून दिला. पहाटे ती उठायला गेली आणि उंबऱ्यातच कोसळली. मग गाडी, मग दवाखाना, तिथून पुढचा मोठा दवाखाना. वारेचा तुकडा आत राहिला होता, तो काढला. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. एक धाकटीच्या मुलाने दिली, एक शेजारच्या पोराने. डॉक्टरांनी आम्हाला रागावले नाही. एवढेच विचारले, “रात्रीतून किती कापडे भिजली?”

आम्ही मोजली नव्हती.

ही चूक आमची होती, हे आधी कबूल करतो. कारण आदल्याच दिवशी, म्हणजे सातव्या दिवशी, आशाताई घरी येऊन गेली होती. तिने बाळाचे वजन केले, लेकीला दोन शब्द विचारले आणि आम्हाला सांगितलेही, की जास्त जायला लागले तर थांबू नका. आम्ही तिला चहा पाजला आणि ऐकले नाही. आशाताईच्या या फेऱ्यांमागे किती काम आहे ते आम्हाला नंतर कळले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवले. तिथे नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पुढे तेच काम देशभरच्या आशांकडे आले. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. आमच्या जुन्या बायका म्हणत, पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. १९५६ नंतर आपल्या घरांतून ती पूजा गेली. तरी एखाद्या घरात पाटा-वरवंटा अजून गुपचूप निघतो, हेही आम्हाला माहीत आहे. रात्री लिहायला कोणी येत नाही, बाई. दिवसा मात्र एक जण वजनकाटा घेऊन येते आणि खरोखर लिहून नेते. तिला नीट बसवा, आणि बाळाबरोबर बाळंतिणीलाही तिच्यासमोर बसवा.

आता या वेळच्या पिशवीविषयी. सगळ्यात वर प्लास्टिकच्या थैलीत कागद: कार्ड, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, सगळ्यांची झेरॉक्स. जातीचा दाखलाही ठेवा. जननी सुरक्षा योजनेचे पैसे अनुसूचित जातीच्या बाईला मिळतात, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून आपण बौद्ध त्या यादीत आहोत. पण खिडकीवर कागद नसला की वाद घालत बसावे लागते, आणि वाद घालायला तेव्हा अंगात बळ नसते. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लेकीचा रक्तगट, आशाताईचा नंबर, १०२ आणि १०८ असे लिहिले आहे. खाली रक्त देऊ शकतील अशा दोघांची नावे. जावयाचे नाव पहिले. त्यांना सुरतेला फोन करून सांगितले, की दिवस भरत आले की सुट्टी काढून या; पेढे आणायला नाही, रक्त द्यायला. ते हसले, पण येणार आहेत.

कागदांखाली जुन्या सुती लुगड्यांच्या जाड घड्या आहेत, उकळून कडक उन्हात वाळवलेल्या. मेडिकलमधून पॅडचे एक मोठे पाकीटही आणले. पुढून बटणे असलेले दोन गाऊन, परकर, साधी चप्पल, साबण, टॉवेल, ताट, वाटी, तांब्या, फोनचा चार्जर. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि बाळंतिणीचे जेवण फुकट आहे, २०११ पासूनचा तो नियम आहे. नेणे आणि घरी आणून सोडणेही त्यातच आले. पण सोबतीच्या बाईचे जेवण त्यात नाही. मागच्या वेळी आम्ही दोघी दिवसभर उपाशी राहिलो आणि एकमेकींवर चिडलो. या वेळी आमच्यासाठी चटई, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या पिशवीत आहे. बाळासाठी धुतलेली चार पातळ झबली, टोपडे, दुपटी, बस्स. काजळ, मध, घुटी, दुधाची बाटली यांतले काहीही नाही. पहिले चिकाचे दूध तासाभरात पाजायचे, हे ठरलेले आहे.

घरी आल्यावर उन्हाचा प्रश्न आहेच. शेजारणी आत्तापासून सांगतात, की बाळाच्या घशाला कोरड पडेल, दोन थेंब पाणी पाजा. नाही पाजायचे. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. सहा महिने बाळाला वरून थेंबही लागत नाही. पाणी लागते ते आईला, आणि आपल्याकडे नेमके तिचेच पाणी तोडतात, पोट सुटते म्हणून. आमच्या लेकीच्या उशाशी माठ ठेवला आहे. शेगडीही या वेळी नाही. बंद खोलीत कोळशाचा धूर कोंडून माणसे दगावतात, हे लक्षात घ्या. नाळेला राख, हळद, तेल काही लावायचे नाही, कोरडी ठेवायची.

डिंकाचे लाडू आम्ही थोडेच केले. डिंक, खारीक, तूप यांचे भाव विचारून परत आलो. पण बाळंतिणीचे बळ काही डिंकातच नाही. शेंगदाणा-गुळाचे लाडू, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेपू, अंडी, आणि जमेल तेव्हा कलेजी. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस खायच्या असतात, चहाबरोबर नाही. मागच्या वेळी त्या खिडकीत पडून राहिल्या.

खरा खर्च वेगळाच आहे. आम्ही दोघी केळीच्या बागेत आणि कापसाच्या हंगामात वेचणीला रोजाने जातो. बाळंतिणीजवळ सहा आठवडे कोणीतरी हवे. म्हणून एक दिवस एकीने जायचे, एक दिवस दुसरीने, असे ठरले. एक मजुरी रोज बुडणार. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूने उभे राहिले होते, आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळण्यात साऱ्या देशाचे हित आहे, असे त्यांनी मांडले होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२६ साली, त्यांचा राजरत्न गेला होता. रमाईंची चार लेकरे अशीच हातची गेली. पुढे १९६१ साली देशाचा प्रसूती लाभाचा कायदा झाला, २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा २६ आठवडे झाली. कारखान्यातल्या, ऑफिसातल्या बहिणींना ती मिळो, आम्हाला आनंदच आहे. पण केळीचा घड डोक्यावरून वाहणाऱ्या बाईच्या रोजंदारीला रजा नाही. तिला मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५ हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. (जे लोक आत्तापासून ‘आता तरी मुलगा होऊ दे’ म्हणत येतात, त्यांनी हा आकडा ऐकावा.) तेवढ्यात पंधराव्या दिवशी कामावर जायची पाळी येते. आमची लेक सव्वा महिन्याच्या आत घागर उचलणार नाही. बचत गटातून थोडे कर्ज काढले आहे, तेही बाळंतविड्याच्या हिशेबात धरले आहे.

आणि जे मागच्या वेळी मोजले नाही ते आता दोघींना पाठ आहे. तासाभरात एक घडी पूर्ण भिजली, मोठ्या गाठी पडल्या, अंधारी आली, की रात्र असो वा पहाट, निघायचे. ताप आला, घाण वास आला, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर झाले, झटका आला, एका पायाची पोटरी सुजून दुखली, दम लागला, तरी निघायचे. बाळ दूध ओढेनासे झाले, गार पडले, तळहात-तळपाय पिवळे झाले, तरीही. लेक पहिल्या आठवड्यात उगाच रडली तर जवळ बसायचे. पण दोन आठवड्यांनंतरही रडे थांबले नाही, तिला झोप-भूक नाही, तर तेही डॉक्टरांना सांगायचे. ‘लाडावली’ म्हणायचे नाही.

काल संध्याकाळी लेकीने स्वतः पिशवी खाली काढली. सगळे उलथेपालथे करून पाहिले, एक गाऊन बदलला. मग मोठ्या मुलीच्या दप्तरातून पेन्सिल आणि वहीचा एक कोरा कागद घेतला आणि कापडाच्या घड्यांमध्ये खोचून ठेवला. आम्ही विचारले, “हे कशाला?” म्हणाली, “मोजाले.”