आघात आणि प्रशंसा

'छंद' हा शब्द मोठा मार्मिक आहे. संस्कृतांत छंद म्हणजे मनाची ओढ, आणि छंद म्हणजे वृत्तही. पहिल्या अर्थांत स्वैरपणा आहे, तर दुसऱ्यांत अक्षराअक्षराचें बंधन आहे. जुनीं नाणीं जमविणाऱ्या माणसाच्या ठिकाणीं हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत असतात. ओढ अशी कीं, भर दुपारीं जुन्या बाजारांत तांब्याच्या मोडीचा ढीग उपसावयास तो लाजत नाहीं. आणि बंधन असें कीं, एका टिंबाच्या फरकासाठीं तो चार ग्रंथ उलटेपालटे करतो. एखाद्या नाण्याला विक्रमी किंमत आल्याची वार्ता अशा मंडळींच्या कानीं पडली म्हणजे त्यांचीं मनें कशीं हेलकावतात, हें पाहण्यासारखें असतें.

आमच्या गांवीं आम्ही असे आठ-दहा जण दर रविवारीं सकाळीं एकत्र बसतों. कोणी पोस्टांतला, कोणी वकील, एक वैद्य, आणि एक शाळामास्तर, म्हणजे मी. २०१३ सालच्या जानेवारीच्या अखेरच्या रविवारीं आमचा चहा पेल्यांतच निवून गेला. कारण त्याच महिन्याच्या २४ तारखेस न्यूयॉर्क येथें स्टॅक्स बॉवर्स या पेढीच्या लिलावांत १७९४ सालचा अमेरिकेचा एक चांदीचा डॉलर १,००,१६,८७५ डॉलरांना विकला गेला होता. आपल्या हिशोबानें त्या वेळचे पन्नास कोटी रुपयांहून अधिक! लिलावांत एका नाण्यानें एक कोटी डॉलरांची मर्यादा ओलांडण्याचा तो पहिलाच प्रसंग. तोंवरचा उच्चांक २००२ सालीं विकल्या गेलेल्या १९३३ च्या वीस डॉलरी सुवर्णनाण्याचा होता, व तो ७५,९०,०२० डॉलरांचा होता.

आमच्या बैठकींतल्या प्रतिक्रिया सांगण्यापूर्वीं त्या डॉलरची जन्मकथा सांगितली पाहिजे. १७९२ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेनें टांकसाळीचा कायदा केला, व फिलाडेल्फिया येथें टांकसाळ उभी राहिली. परंतु सोन्याचांदीला हात लावण्यापूर्वीं तेथील मुख्य नाणेकरानें व धातुपरीक्षकानें प्रत्येकीं दहा हजार डॉलरांचा जामीन द्यावा, अशी कायद्याची अट होती. तेवढी पत त्या बिचाऱ्यांजवळ कोठून असणार! त्यामुळें १७९३ सालीं टांकसाळींत केवळ तांब्याचीं नाणीं पडलीं. पुढें १७९४ त काँग्रेसनें जामिनाची रक्कम उतरविली, तेव्हां कोठें चांदीचा मार्ग मोकळा झाला. टांकसाळीचे प्रमुख डेव्हिड रिटनहाउस हे नामांकित ज्योतिर्विद होते. पहिल्या डॉलरांसाठीं लागणारी चांदी त्यांनीं स्वतः जमा केली. जें यंत्र हाताशीं होतें तें लहान नाण्यांच्या बेताचें. सुमारे सवादोन तोळ्यांच्या एवढ्या थोर चकतीवर त्याचा ठसा पुरा उमटेना. म्हणून बहुतेक नाण्यांच्या डाव्या अंगाचे तारे व अक्षरें पुसट निघालीं. सुमारे दोन हजार पाडले, त्यांतले टाकाऊ निवडून बाजूस काढले, आणि १५ ऑक्टोबर १७९४ रोजीं १,७५८ डॉलर टांकसाळीबाहेर पडले. मोठें यंत्र येईपर्यंत काम थांबलें, तें १७९५ त पुनः सुरू झालें. त्या १,७५८ पैकीं आज सव्वाशे-दीडशेच उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे.

लिलावांतला डॉलर या सर्वांत देखणा. त्याच्या पृष्ठभागास आरशासारखी झळाळी आहे, आणि स्वातंत्र्यदेवतेचे मोकळे केस तंतुतंत उमटले आहेत. चकती वजनांत किंचित् हलकी भरली म्हणून तिच्या मध्यभागीं चांदीची मेख बसविली, आणि मग जड वाटली म्हणून ती कानशीनें घांसली. या दोन्ही खुणा त्याच्या अंगावर अद्याप दिसतात. एवढी निगा पाहून कित्येक अभ्यासकांचें असें मत झालें कीं, अमेरिकेनें पाडलेला अगदीं पहिला डॉलर तो हाच असावा. लेखी पुरावा मात्र नाहीं.

आतां प्रतिक्रिया. पोस्टांतले आमचे मित्र हर्षभरित झाले होते. "आपल्या छंदाला आज प्रतिष्ठा आली," असें ते पुनः पुनः म्हणत होते. वकिलांना संताप आवरेना. "एका डॉलरला एक कोटी डॉलर! एवढ्यांत किती शाळा निघाल्या असत्या?" वैद्यबुवा खिन्न होते. त्यांचें म्हणणें, धनिकांनीं या क्षेत्रांत पाऊल टाकलें म्हणजे गरिबाला दारें बंद झालींच. एका तरुण गृहस्थांनीं खिशांतून कागद काढून व्याजाचे आंकडे मांडण्यास आरंभ केला. आमच्यांतले सर्वांत वृद्ध संग्राहक मात्र किंमतीबद्दल चकार शब्द बोलले नाहींत, त्यांनीं एवढेंच विचारलें, "मेखेवरून तो पहिला ठरतो, हें कसें? मेख तर दुसऱ्या-तिसऱ्यालाही मारली असेल."

प्रत्येकाच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य होतें. वकिलांच्या प्रश्नास उत्तर देणें सोपें नाहीं. पैसा जळून गेला नाहीं, एकाच्या पेटींतून दुसऱ्याच्या पेटींत गेला, हें खरें. पण तो शाळेकडे वळला नाहीं, हेंही तितकेंच खरें. वैद्यबुवांची भीति मात्र मला फारशी पटली नाहीं. त्याच टांकसाळींत त्याच वर्षीं तांब्याचे नऊ लाखांहून अधिक सेंट पडले होते. त्यांतले झिजलेले आजही मध्यम वर्गाच्या माणसास झेपतील अशा किंमतीस मिळतात. खुद्द १७९४ चा डॉलरही अगदीं झिजलेला असेल तर या विक्रमाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतो. दोघांचें कुळ एक, साल एक, ठसाही एक. अंतर आहे तें केवळ देहाच्या अवस्थेचें. विल्यम शेल्डन या गृहस्थांनीं १९४९ सालीं अमेरिकेच्या जुन्या सेंटांवर ग्रंथ लिहिला, त्यांत नाण्याच्या स्थितीला एक ते सत्तर असे गुण दिले. मूळ कल्पना अशी कीं, एक गुणाच्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तर पट सत्तर गुणांच्या नाण्याला असावी. शेल्डनसाहेबांचें त्रैराशिक लिलावाच्या दिवाणखान्यांत केव्हांच मोडलें, पण त्यांची गुणपद्धति अद्याप टिकून आहे. आमचा हा डॉलर त्या पद्धतीनें सहासष्ट गुणांनीं उत्तीर्ण झालेला आहे.

तरुण गृहस्थांच्या व्याजाच्या आंकड्यांना पुढल्या वर्षांनींच उत्तर दिलें. १९८४ सालीं अमॉन कार्टर यांच्या संग्रहाच्या लिलावांत हाच डॉलर २,६४,००० डॉलरांना गेला होता. २०१० सालीं खाजगी व्यवहारांत त्याचे ७८,५०,००० आले, आणि २०१३ त एक कोटीच्या वर. येथवर पाहिलें तर धनाचा वृक्षच! परंतु २०२० सालीं लास व्हेगास येथें तो पुनः लिलावास मांडला, तेव्हां मालकांच्या अपेक्षेइतकी बोली आलीच नाहीं व तो तसाच परत गेला. अखेर २०२२ च्या आरंभीं एक कोटी वीस लाख डॉलरांना त्याचा खाजगी सौदा झाला. शाळेंतल्या पोरालाही करतां येईल असा हिशोब आहे: नऊ वर्षांत शेकडा वीस देखील वाढ नाहीं, म्हणजे दर साल दर शेकडा सव्वादोनही पडत नाहीं. पोस्टाच्या बचतखात्यांत याहून अधिक मिळतें. विक्रमाचा मानही तोंवर गेला होता. २०२१ च्या जूनमध्यें त्या १९३३ च्या सुवर्णनाण्यानें पुनः लिलावांत येऊन १,८८,७२,२५० डॉलर मिळविले.

मग नाण्याची किंमत म्हणजे तरी काय? या प्रश्नाशीं आलों कीं मला पाणिनीची आठवण होते. अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत त्यानें 'रूप' शब्दापासून 'रूप्य' हा शब्द साधला आहे, आणि त्याला दोन अर्थ दिले आहेत: एक आहत, म्हणजे ज्यावर ठशाचा आघात झाला आहे तें, आणि दुसरा प्रशंसेचा, म्हणजे ज्याचें रूप वाखाणण्यासारखें आहे तें. आपला 'रुपया' याच शब्दाचा वंशज. सूत्रकाराला व्याकरण सांगावयाचें होतें, पण नाण्याच्या दोन्ही किंमती त्यांत येऊन गेल्या. आघाताची किंमत राज्यसत्ता ठरविते. फिलाडेल्फियाच्या आघातानें त्या चकतीस एक डॉलर ही किंमत दिली, आणि ती आजही तेवढीच आहे. उरलेली सगळी प्रशंसेची किंमत. ती ठरविण्यास राजा लागत नाहीं. एका वस्तूसाठीं इरेस पडलेलीं दोन माणसें पुरतात. न्यूयॉर्कला हातोडा पडला तो ८५,२५,००० डॉलरांवर. वरचे शेकडा साडेसतरा लिलाव करणाऱ्या पेढीचे. प्रशंसेलाही दलाली द्यावी लागते!

परंतु प्रशंसेला ज्ञानाचा आधार हवा, नाहींतर ती भाटगिरी होते. याज्ञवल्क्यस्मृतींत खऱ्या नाण्यास खोटें व खोट्यास खरें म्हणणाऱ्या नाणकपरीक्षकाला दंड सांगितला आहे, तो उगाच नाहीं. नाण्याच्या धातूप्रमाणें त्याचें कुळही तपासावें लागतें. सीझरच्या वधाची स्मृति म्हणून ब्रूटसनें पाडलेलें एक सोन्याचें नाणें २०२० सालीं लंडन येथें सुमारे बेचाळीस लाख डॉलरांना गेलें. प्राचीन नाण्यांत तो त्या वेळचा उच्चांक, म्हणून आमच्या बैठकींतही टाळ्या पडल्या. पुढें उघडकीस आलें कीं, त्याच्या पूर्वीच्या मालकीचे कागद बनावट होते. आणि २०२३ सालीं तें नाणें ग्रीसच्या स्वाधीन करण्यांत आलें. नाणें अस्सल आणि वंशावळ खोटी! उलट १७९४ च्या डॉलरला जी किंमत आली तींत तो कोणाकडून कोणाकडे गेला याच्या लेखी माहितीचाही वांटा आहे.

हें सर्व दूरचें झालें. घरांत त्याचे पडसाद कसे उमटतात तें सांगतों. २०२२ चा सौदा वर्तमानपत्रांत वाचून माझ्या पुतण्यानें जेवतांना विचारलें, "काका, तुमच्या डब्यांत असा एखादा नाहीं ना?" माझ्या डब्यांत चारशें-साडेचारशें शिवराया आहेत, बहुतेक मोडीच्या भावानें वजनावर घेतलेल्या. सर्व हंसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्या डब्याकडे पाहण्याची दृष्टि पालटली. डबा फडताळांतून कपाटांत गेला. आठवड्यानें पुतण्यानें सुचविलें, आणि त्याच्या मनांत कपट नव्हतें, "किंमत करवून चौघांत सारख्या वाटून ठेवल्या तर पुढें कटकट नको."

मला एकदम आमच्या मंडळींतल्या एका दिवंगत स्नेह्यांची आठवण झाली. त्यांच्या मागें तिघे मुलगे, तिघेही सज्जन. बापाचीं नाणीं त्यांनीं मोजून सारखीं वाटून घेतलीं. भांडण तर नाहींच, उलट एकानें दुसऱ्याला दोन अधिकच दिलीं. पण कोणतें नाणें कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं, कोणाकडून मिळालें, हें लिहिलेल्या चाळीस वर्षांच्या चिठ्या त्यांना कचरा वाटल्या, आणि त्या रद्दींत गेल्या. आज तीं नाणीं तीन घरांत सुरक्षित आहेत, आणि त्या संग्रहाचा मागमूस नाहीं.

ही हकीकत मीं घरीं सांगितली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. सूनबाईच म्हणाली, "मामंजी, वाटणी राहूं द्या. पण चिठ्यांवरचें अक्षर आम्हांला लागत नाहीं, त्याचें काय?" प्रश्न रास्त होता, माझ्या बहुतेक चिठ्या मोडींत आहेत. तेव्हांपासून रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर नात वही घेऊन बसते, मी वाचतों आणि ती बाळबोधींत लिहिते. 'छत्रपति' हीं अक्षरें नाण्यावर दोन ओळींत कशीं तोडलीं आहेत, एखाद्या शिवराईवर रेघ कां आडवी गेली आहे, हें ती आतां मला विचारते. आजवर दोनशें दहा नाण्यांचें टिपण झालें. डबा अविभक्त राहावा आणि वहीसह राहावा, एवढें मीं इच्छापत्रांत घातलें आहे.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं असा डबा नसेल. परंतु देवघरांतल्या ताम्हनांत एखादें जुनें नाणें असतें, आणि आजीच्या पुतळ्यांच्या माळेंत तर व्हेनिसच्या डकॅटचें रूप, बहुधा नकलेनें कां होईना, शेंकडों वर्षें आपल्या घरांत नांदत आलें आहे. अशीं नाणीं चिंच-मीठ लावून लखलखीत करूं नयेत. त्यांवरचा काळाचा रंग एकदां गेला कीं पुनः चढत नाहीं, आणि परीक्षकाच्या दृष्टीनें त्यांची निम्मी योग्यता तेथेंच संपते. माळ मोडून नवा घाट करावयाचा असेल तर अगोदर एकेक पुतळी निरखून घ्यावी. आणि घरांत जी सर्वांत वडील बाई असेल तिला विचारून घ्यावें कीं, हें कोणाचें, कोठून आलें, कोणाच्या लग्नांत आलें. ती जें सांगेल तें, तिच्याच शब्दांत, तारीख घालून एका कागदावर उतरवून त्या वस्तूबरोबर ठेवावें. या कामास पैसा लागत नाहीं. ज्यांच्याकडे सांगणारें माणूस अद्याप आहे, त्यांनीं तें याच महिन्यांत करावें.