सह्याद्रि आणि सागर यांमधील रत्नागिरी

कालिदासानें रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत रघूच्या दिग्विजयाचें वर्णन करतांना अपरान्तदेशाचा उल्लेख केला आहे. परशुरामाच्या अस्त्रानें मागें हटलेला समुद्र रघूच्या अफाट सेनेच्या रूपानें पुन्हां सह्याद्रीस येऊन भिडल्यासारखा दिसला, अशी तेथील कल्पना आहे. हा श्लोक शिकवितांना मी फळ्यावर रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा काढीत असें. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस समुद्र, आणि मध्यें माणसांनीं राहावयाची एक चिंचोळी पट्टी. कवीला जें एका ओळींत साधलें तें भूगोलाच्या पुस्तकास दोन पानांतहि साधत नाहीं.

जुना रत्नागिरी जिल्हा याहून बराच मोठा होता. १ मे १९८१ रोजीं त्याचा दक्षिणभाग निराळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यांत आला. हल्लीं मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके मिळून क्षेत्रफळ ८२०८ चौरस किलोमीटर भरतें, आणि समुद्रकिनारा सुमारें १६७ किलोमीटरांचा आहे. हे आंकडे वाचून परदेशस्थ मनुष्य म्हणेल कीं, एवढा किनारा आणि एवढा पाऊस लाभलेला प्रदेश सुखीच असला पाहिजे. पण ज्यानें चैत्र-वैशाखांत येथील सड्यावर पाणी शोधलें आहे तो तसें म्हणणार नाहीं.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचें पठार. या तांबड्या दगडाचे चिरे आमच्या घरांच्या भिंतींत असतात, विहिरींच्या कांठाला असतात, देवळांच्या पायऱ्यांनाहि असतात. खाणींतून काढतांना तो मऊ असतो आणि हवा लागली कीं कठीण होतो. म्हणून बांधकामास याच्यासारखा सोयीचा दगड नाहीं. शेतकऱ्यास मात्र तो वैरी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण सच्छिद्र जांभा तें पाणी राखून ठेवीत नाहीं; उरलेलें पाणी आंखूड आणि उताराच्या नद्यांतून लगबगीनें समुद्रास जाऊन मिळतें. आषाढांत ज्या पऱ्ह्यांतून गुरें वाहून जातात, त्याच पऱ्ह्यांत वैशाखांत बायका वाटीवाटीनें पाणी भरतात. याच ओसाड कातळांवर प्राचीन मानवानें हत्ती, मासे आणि माणसें यांच्या मोठमोठ्या आकृति कोरून ठेवल्या आहेत. कशेळी, उक्षी, बारसू येथील अशीं कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादींत गेलीं. लहानपणीं गुरें राखतांना आम्ही त्यांच्यावर बसून करवंदें खात असूं. तीं कोणीं कोरलीं हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

नद्यांचा क्रम आम्ही मुलांकडून घोकून घेत असूं : सावित्री बाणकोटास, वाशिष्ठी दाभोळास, शास्त्री जयगडास, काजळी भाट्यास, मुचकुंदी पूर्णगडास. प्रत्येकीचें मुख म्हणजे खाडी, आणि खाडीच्या तोंडाशीं बहुधा एखादा किल्ला. भरतीचें पाणी कित्येक कोस आंत शिरत असल्यामुळें पूर्वी गलबतें थेट चिपळूण-राजापुरापर्यंत येत, आणि घाटावरील बैल आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून त्यांची वाट पाहत. खाड्यांनीं जसें जोडलें तसें तोडलेंहि. दाभोळ आणि धोपावें हीं गांवें समोरासमोर आहेत, एकाची आरती दुसऱ्यास ऐकूं जाईल. पण रस्त्यानें जावयाचें तर चिपळुणाचा वळसा घ्यावा लागे. आतां फेरीबोट झाल्यामुळें मोटारी देखील पलीकडे जातात.

वाशिष्ठीची गोष्ट आणखी चमत्कारिक. कोयनेचें पाणी वस्तुतः कृष्णेचें, म्हणजे पूर्वसमुद्रास जावयाचें. तें सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पोफळीस आणून वीज झाल्यावर वाशिष्ठींत सोडतात. एवढें पाणी दाराशीं असतां डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात, आणि २२ जुलै २०२१ रोजीं त्याच वाशिष्ठीनें चिपळूण शहर बुडविलें. पाण्याचें एवढें आधिक्य आणि एवढें दुर्भिक्ष्य एकाच तालुक्यांत मीं अन्यत्र पाहिलें नाहीं.

खोऱ्यांतून भात आणि वरकस जमिनींत नाचणी-वरी, हें येथील धान्य. तें वर्षभर पुरत नसे. हापुसाचें नांव सर्वतोमुखीं आहे खरें. कोंकणच्या हापुसाला २०१८ सालीं भौगोलिक निर्देशनहि मिळालें. पण आंबा हें मोहोराच्या लहरीवर अवलंबून असलेलें पीक. दोन दिवसांचें मळभ वर्षाचा हिशेब पुसून टाकतें. बागाईतदाराच्या मुलाला विचारून पाहावें.

तेव्हां येथील मुख्य उत्पन्न म्हणजे माणूस, असें मी विनोदानें म्हणत आलों. त्यांत विनोद थोडाच आहे. १८७५ सालीं मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठीं घाट चढून साताऱ्यास पायीं गेला आणि वय लहान दिसतें म्हणून त्याला परत पाठविलें. ते पुढें महर्षि कर्वे झाले. लोकमान्यांचा जन्म रत्नागिरीचा, केशवसुत मालगुंडचे, साने गुरुजी पालगडचे, डॉ. आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे मंडणगड तालुक्यांतलें. यांचें कार्य मात्र बहुतेक बाहेरच झालें. हीं मोठीं नांवें झालीं. त्यांच्यामागून गेलेले कुणबी, मराठे, भंडारी, महार, मुसलमान आणि आमचे भट-भिक्षुक यांची गणती कोण करणार? मुंबईच्या गिरण्यांत, गोदींत, पलटणींत आणि पोलिसांत हीं माणसें भरलीं आणि मनिऑर्डरीवर गांव जगला. १९८२ च्या संपानें गिरण्यांचा तो आधार तुटला, तरी मुलें परत आलीं नाहींत; तीं ठाण्या-पुण्यास पांगलीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हां आम्हांस वाटलें, आतां माणसें इकडे येतील. गाडी दोन्हीं दिशांनीं धांवते हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

२००१ सालीं जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ सालीं ती १६,१५,०६९ भरली. महाराष्ट्राची वस्ति त्याच दहा वर्षांत शेंकडा सोळांनीं वाढली असतां येथें एक्याऐंशी हजार माणसें कमी झालीं. त्यांतहि पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया. हें ऐकून शहरांतले पाहुणे आमच्या जिल्ह्याचें अभिनंदन करतात. त्यांस मी सांगतों कीं, सहा वर्षांखालील मुलांत येथेंहि मुलगेच अधिक आहेत. स्त्रिया अधिक जन्मल्या नाहींत. पुरुष निघून गेले. २०२१ ची गणना साथीमुळें लांबली, म्हणून हिशेब अद्याप याच आंकड्यांवर करावा लागतो.

त्या २०११ च्या गणनेंत प्रगणक म्हणून शिक्षकांची नेमणूक झाली, आणि माझ्या वांट्यास आमचीच वाडी आली. फेब्रुवारीचे दिवस होते, काजूला मोहोर होता. वरच्या आळींतील एका काकूंच्या पडवींत बसून मीं कागद पसरले. दोन मुलगे, सुना, चार नातवंडें, सर्व मुंबईकडे.

“सगळ्यांचीं नांवें लिहा,” काकू म्हणाल्या. “धाकट्याचा मुलगा तर याच घरांत जन्मला.”

“काकू, जो जेथें राहतो तेथेंच त्याचें नांव लिहावयाचें, असा नियम आहे.”

“आणि गणपति कोणत्या घरीं बसतो? डोंबिवलीस बसतो काय?”

मला उत्तर सुचेना. मीं एकच ओळ भरली. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यांत त्यांचें नांव लिहितों असें सांगतांच त्या पदर तोंडाला लावून हंसल्या. “या घरांत येऊन त्रेपन्न वर्षें झालीं, मास्तर. प्रमुख आज झालें.”

मग उठून त्यांनीं देवघरांतून एक पितळी डबा आणला. त्यांत पांच घरांच्या किल्ल्या होत्या. ओळख पटावी म्हणून प्रत्येकीला निराळ्या रंगाचा दोरा बांधलेला. मीं घरांचीं नांवें विचारलीं आणि त्यांनीं दोरे पाहून तीं सांगितलीं. जातांना त्या पांचहि घरांपुढून गेलों. चार दारांवरच्या कुलुपांना गंज चढला होता. अंगणांतल्या तुळशींना मात्र त्या सकाळींच कोणीतरी पाणी घातलेलें होतें, वृंदावनांखालची माती अजून ओली होती.